झीलाटेक: जोडाक्षरांमुळे ओळींतलं अंतर कमी-जास्त, पोर्तुगीज उतारे समासाबाहेर

खाजनकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यात तिसवाडीतल्या एका गावच्या गावकरीवर, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेवर, पुस्तक जुळवतोय. मुख्य मजकूर मराठी. मधे मधे पोर्तुगीज उतारे आहेत: काही १५२६ च्या फोरालमधले (गावकरीचे रिवाज नोंदवणारी पोर्तुगीज सनद) जुन्या वर्तनीतले, काही १९६१ च्या कोमुनिदाद संहितेतले. डेमी आकार, साधारण २४० पानं, छपाई म्हापशाला.

मांडणी अशी: उबुंटूवर टेकलाइव्ह २०२४, झीलाटेक (टेक या पानं जुळवायच्या संगणकप्रणालीचं एक रूप), बुक क्लास (पुस्तकाची तयार मांडणी) ११ पॉइंट, भाषांसाठी पॉलिग्लॉसिया, फॉन्ट शोभिका. पान १४० बाय २१६ मिलिमीटर, आतला समास २०, बाहेरचा १६. (आज्ञांची नावं देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती अर्थात रोमन लिपीत, सलग आणि उलटी तिरकी रेघ लावून आहेत.)

अडचणी चार आहेत.

पहिली सगळ्यांत त्रासदायक. ओळींमधलं अंतर सारखं राहत नाही. 'राष्ट्रकूट', 'पट्टी' असे शब्द असलेल्या ओळीखाली 'शर्तींनुसार', 'वर्गणी' असे शब्द आले की तेवढ्याच दोन ओळी फाकतात. काही पानांवर तर परिच्छेदांच्या मधेही फट पडते, शेजारच्या पानावर मात्र पडत नाही.

दुसरी: पोर्तुगीज उतारा आला की शब्द उजव्या समासाबाहेर जातो. लॉगमध्ये (टेकची नोंदफाइल) 'ओव्हरफुल एचबॉक्स' (ओळ समासाबाहेर गेल्याचा इशारा) ७ ते १५ पॉइंटांपर्यंतचे, एकूण ६० च्या वर. केवळ मराठी असलेल्या परिच्छेदात जवळपास नाहीत. 'स्लॉपी' लावून पाहिलं. शब्द आत आले, पण ओळीत भोकं पडली.

तिसरी: ठळक करायला 'एम्फ' वापरलं तर छापील पानावर काहीच फरक दिसत नाही.

चौथी: प्रकरण ५ मध्ये मूळ पोर्तुगीज डावीकडे आणि मराठी भाषांतर उजवीकडे हवंय. सध्या दोन रकान्यांचं टेबल केलंय, पण एक कलम पानापेक्षा लांब झालं की ते पानाच्या तळातून खाली निघून जातं.

---

शिरोरेषा

पहिल्या अडचणीवर सविस्तर लिहितो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

टेक ओळी कशा रचतो ते पाहा. प्रत्येक ओळ ही त्याच्या लेखी एक पेटी. पेटीला आधाररेषेच्या वर उंची, खाली खोली. एका आधाररेषेपासून पुढच्या आधाररेषेपर्यंत 'बेसलाइनस्किप' एवढं अंतर ठेवायचा तो प्रयत्न करतो. बुक क्लासमध्ये ११ पॉइंट म्हटलं की अक्षर प्रत्यक्षात १०.९५ पॉइंटांचं आणि बेसलाइनस्किप १३.६ पॉइंट. पण वरच्या ओळीची खोली आणि खालच्या ओळीची उंची मिळून त्यात मावत नसेल, तर टेक १३.६ सोडून देतो आणि दोन पेट्यांच्या मधे 'लाइनस्किप' एवढी फट घालतो. लाटेकमध्ये ही फट १ पॉइंट. कधी घालायची ते 'लाइनस्किपलिमिट' ठरवतो, तो शून्य पॉइंट असतो.

आता तुमचाच शब्द घ्या. 'पट्टी'तला ट्ट शोभिकात एकाखाली एक उतरतो. समजा त्या ओळीची खोली ४.६ पॉइंट झाली. खालच्या ओळीत 'शर्तींनुसार': वेलांटी, तिच्यावर रफार, वर अनुस्वार. समजा उंची ११.४. बेरीज १६. १३.६ मध्ये ती बसत नाही, म्हणून टेकने १६ अधिक १ म्हणजे १७ पॉइंट अंतर ठेवलं. बाकीच्या ओळी १३.६ वर आणि ही जोडी १७ वर. फरक ३.४ पॉइंट, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला लगेच खुपतो. १३.६ हा आकडा रोमन अक्षरांचा विचार करून ठरलाय. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं, म्हणून तो अपुराच पडणार.

तुमच्या फॉन्टचे खरे आकडे काढायचे तर 'सेटटूहाइट' आणि 'सेटटूडेप्थ' वापरून 'शर्तीं' आणि 'ष्ट्रू' मोजा, 'द' ही आज्ञा (इंग्रजी 'द', देवनागरी अक्षर नव्हे) लावून आकडे लॉगमध्ये छापून घ्या. अंदाजावर राहू नका, फॉन्ट बदलला की आकडे बदलतात.

उपाय: 'लाइनस्प्रेड' १.२५ करा. १३.६ गुणिले १.२५ बरोबर १७ पॉइंट. आता १७ मधून १६ वजा केले तरी १ पॉइंट उरतो, म्हणून लाइनस्किप मधे पडतच नाही. शिवाय ११ वर १७ हे मराठी पुस्तकाला वाचायला चांगलं प्रमाण आहे, पानं थोडी वाढतील ती वाढू द्या. ('द्ध्रू'च्या खाली थेट 'र्कीं' यावं असा एखादा दुर्मीळ प्रसंग उरतोच. त्यासाठी प्रिअँबलमध्ये (फाइलीचा सुरुवातीचा, आज्ञांचा भाग) 'लाइनस्किपलिमिट' उणे २ पॉइंट करून ठेवा. म्हणजे पेट्या कागदोपत्री २ पॉइंटपर्यंत एकमेकींत शिरल्या तरी टेक अंतर वाढवणार नाही. शाई शाईला लागण्यासाठी खोल अक्षर नेमकं उंच अक्षराच्या डोक्यावर यावं लागतं. तसं झालेलं पान दिसलं तर एखादा शब्द हलवा.)

फाकलेल्या सगळ्या जागा एकदम शोधायची युक्ती: तात्पुरतं 'लाइनस्किप' १० पॉइंट करा आणि पीडीएफ काढा. जिथे जिथे टेकने बेसलाइनस्किप सोडलाय तिथे मोठी दरी पडलेली दिसेल. २४० पानं नुसती सरकवत गेलात तरी पाच मिनिटांत कळतं. मग परत १ पॉइंट करायला विसरू नका.

'टॉपस्किप'कडेही बघा, म्हणजे मजकुराच्या माथ्यापासून पहिल्या आधाररेषेपर्यंतचं अंतर. ११ पॉइंटच्या बुक क्लासमध्ये तो ११ आहे. पानाच्या पहिल्या ओळीची उंची ११.४ निघाली तर ती ओळ ०.४ ने खाली सरकते आणि तिच्यामागून अख्खं पान. १२ पॉइंट करा. मग मजकुराची उंची ओळींच्या हिशोबात बसवा: पहिल्या ओळीचे १२, पुढच्या २८ ओळींचे प्रत्येकी १७, एकूण ४८८ पॉइंट, म्हणजे २९ ओळी आणि १७१.५ मिलिमीटर. 'जॉमेट्री'ला (पानाची मापं ठरवणारं पॅकेज) 'टेक्स्टहाइट' थेट ४८८ पॉइंट द्या. 'हाइटराउंडेड' किंवा 'लाइन्स' दिलं आणि लाइनस्प्रेड नंतर लागू झालं तर हिशोब १३.६ वर होण्याची भीती असते. थेट आकडा दिला की तो प्रश्नच मिटतो.

आता परिच्छेदांमधली फट. तिचा जोडाक्षरांशी संबंध नाही. बुक क्लास दोन बाजूंच्या छपाईसाठी 'फ्लशबॉटम' चालू ठेवतो, म्हणजे प्रत्येक पानाची शेवटची ओळ तळाला टेकलीच पाहिजे. एखाद्या पानावर ओळ कमी पडली (खाली मथळा येत होता, किंवा परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानावर जात होती) की टेक जिथे ताण द्यायला जागा असेल तिथे देतो. 'पारस्किप'मध्ये, म्हणजे परिच्छेदांमधल्या जागेत, शून्य अधिक १ पॉइंट ताण आहे, टेक तोच ओढून धरतो. लॉगमध्ये 'अंडरफुल व्हीबॉक्स, बॅडनेस १००००' दिसत असेल ते हेच.

माझं मत: 'पारस्किप' ताणाविना शून्य करा, 'विडोपेनल्टी' आणि 'क्लबपेनल्टी' (परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या माथ्याला किंवा तळाला सुटल्याचा दंड) दोन्ही १०००० करा आणि 'रॅग्डबॉटम' लावा. पान एका ओळीने तोकडं राहिलं तर राहू दे. फक्त समोरासमोरची दोन्ही पानं सारखीच तोकडी करा: दोन्हींवर 'एन्लार्जधिसपेज' उणे एक बेसलाइनस्किप. किंवा त्या पानावरचा एखादा लांब परिच्छेद घेऊन त्याच्या शेवटी 'लूजनेस' अधिक १ किंवा उणे १ द्या, म्हणजे तो एका ओळीने वाढेल किंवा आखडेल. परिच्छेदाची शेवटची ओळ दोन-तीन शब्दांची असेल तर उणे १ लगेच लागू पडतं. शेवटची ओळ भरलेली असेल तर अधिक १. हे सगळं मजकुराचं शेवटचं मुद्रितशोधन झाल्यावरच करायचं. आधी केलं तर एक शब्द बदलला की सगळी मेहनत वाया.

मथळ्यांचं अंतरही १७ च्या पटीत ठेवा. वरची जागा, मथळा आणि खालची जागा मिळून ५१ पॉइंट, म्हणजे तीन ओळी. कागद ७० जीएसएमचा असेल तर मागच्या पानाच्या ओळी पुढून दिसतात. दोन्हीकडच्या ओळी एकमेकींवर आल्या तर वाचताना त्रास होत नाही, मधे मधे आल्या तर पान मळकट दिसतं.

तिसऱ्या अडचणीचं उत्तर लहान आहे. शोभिकात साधा आणि ठळक एवढेच दोन साचे आहेत, तिरका नाही. 'एम्फ' तिरका मागतो, मिळत नाही, म्हणून लाटेक गुपचूप साधाच लावतो आणि लॉगमध्ये फॉन्ट शेप सापडला नाही अशी ओळ टाकतो. कृत्रिम तिरकेपणा देऊ नका. शिरोरेषा आडवीच राहते आणि उभे दंड कलतात, अक्षर मोडल्यासारखं वाटतं. फॉन्ट जाहीर करताना 'इटॅलिकफॉन्ट' म्हणून शोभिका बोल्ड द्या, म्हणजे मजकुरातले सगळे 'एम्फ' आपोआप ठळक होतील.

---

मांडवीपार

शिरोरेषांनी पहिलं पुरेपूर सांगितलंय. दुसऱ्याचं कारण तुमच्या वर्णनातच आहे: मराठीत बाहेर जात नाही, पोर्तुगीजमध्ये जातं. उतारे पोर्तुगीज आहेत हे तुम्ही टेकला सांगितलेलं नाही.

टेक परिच्छेद तीन फेऱ्यांत तोडतो. पहिल्या फेरीत शब्द न तोडता, 'प्रीटॉलरन्स' १०० धरून. जमलं नाही तर दुसऱ्या फेरीत शब्द तोडून, 'टॉलरन्स' २०० धरून. तिसरी फेरी 'इमर्जन्सीस्ट्रेच' शून्याहून जास्त असेल तरच होते, आणि मूळचा तो शून्य आहे. दुसऱ्या फेरीत शब्द कुठे तोडायचा ते चालू भाषेच्या पॅटर्नवरून, म्हणजे शब्द तोडण्याच्या नियमांच्या यादीवरून, ठरतं. चालू भाषा मराठी आणि मजकूर रोमन, तर मराठीच्या पॅटर्नमध्ये रोमन अक्षरंच नाहीत. मग प्रत्येक पोर्तुगीज शब्द अखंड दगड. १०४ मिलिमीटरच्या ओळीत असे चार लांब शब्द आले की एक बाहेर जाणारच.

म्हणून आधी 'सेटअदरलँग्वेज' पोर्तुगीज. मग 'न्यूफॉन्टफॅमिली'ने 'पोर्तुगीजफॉन्ट' ठरवा. शोभिकातली रोमन अक्षरं चालतील, पण १५२६ च्या उताऱ्यांसाठी मी जेंटियम हा फॉन्ट सुचवेन, कारण पुढे सांगतो. 'स्केल' ०.९ च्या आसपास ठेवा, नाहीतर रोमन अक्षरं शेजारच्या देवनागरीपेक्षा मोठी दिसतात. ओळीतल्या ओळीत उतारा असेल तर 'टेक्स्टपोर्तुगीज', परिच्छेद असेल तर 'पोर्तुगीज' हे एन्व्हायर्नमेंट.

पॅटर्न यंत्रावर आहेत का तेही बघा. उबुंटूत पोर्तुगीजचे 'टेकलाइव्ह-लँग-पोर्तुगीज' या पॅकेजमध्ये आणि मराठीचे 'टेकलाइव्ह-लँग-अदर'मध्ये येतात. नसतील तर पॉलिग्लॉसिया लॉगमध्ये सांगतो आणि तोडणी बंद करून पुढे जातो. इशारा असतो, चूक नव्हे, म्हणून तो नजरेतून सुटतो. खात्रीसाठी उताऱ्याच्या आत 'शोहायफन्स' ही आज्ञा देऊन दोन-तीन लांब शब्द टाका. कुठे कुठे तुटतात ते लॉगमध्ये दिसेल. एकही तोड नसेल तर भाषा लागलेली नाही.

तरीही न तुटणारे शब्द उरतील, आणि त्याचं एक कारण डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या पीडीएफमधून उतारा चिकटवला की तिल्दे (~ अशी लाट) डोक्यावर असलेला पोर्तुगीज 'आ' कधी कधी एक अक्षर म्हणून येत नाही. साधा 'आ' आणि त्यावर वेगळं तिल्देचं चिन्ह असे दोन संकेत येतात. पानावर दोन्ही सारखे दिसतात. पण पॅटर्न एकसंध अक्षरावर लिहिलेले आहेत, त्यामुळे तो शब्द जुळत नाही. नेमके 'आंव' आणि 'ओंयश' असे शेवट असलेले शब्द, म्हणजे निम्मी कायद्याची भाषा, यात अडकतात. प्रिअँबलमध्ये 'झीटेकइनपुटनॉर्मलायझेशन' बरोबर १ लिहा. वाचतानाच दोन संकेतांचं एक अक्षर होतं. देवनागरीचं काय होईल ही शंका येईल: आपल्या 'ऱ'ला धक्का लागत नाही, तो एकसंधच राहतो.

१५२६ च्या वर्तनीबद्दल. १९११ च्या सुधारणेपूर्वीच्या पोर्तुगीजमध्ये 'पी-एच', 'टी-एच', जोड व्यंजनं असायची, आणि सोळाव्या शतकातली वर्तनी तर शब्दागणिक बदलते. पॅटर्न आजच्या वर्तनीचे, म्हणून काही शब्द चुकीच्या जागी तुटतील. उतारे थोडेच असतील तर 'हायफनेशन'च्या यादीत ते शब्द हाताने तोडून द्या. ही यादी पोर्तुगीज चालू असतानाच द्यायला हवी, प्रिअँबलमध्ये मराठी चालू असताना दिलीत तर ती मराठीच्या खात्यात जाते आणि काहीच घडत नाही.

आणि जेंटियम का: त्या काळच्या हस्तलिखितांत 'क्यू'वर तिल्दे देऊन 'के' हा शब्द आखडता लिहीत. युनिकोडमध्ये असं एकसंध अक्षरच नाही, 'क्यू' आणि वेगळं तिल्दे असं जोडूनच लिहावं लागतं. फॉन्टमध्ये चिन्ह कुठे बसवायचं याची माहिती नसेल तर तिल्दे बाजूला लोंबतं. जेंटियममध्ये ते नीट डोक्यावर बसतं. फॉन्टमध्ये एखादं अक्षरच नसलं तर झीटेक रिकामी जागा सोडून पुढे जातो. 'ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स' ३ करून ठेवा, मग ती रिकामी जागा इशारा न राहता चूक बनते आणि काम तिथेच थांबतं. कागदपत्रांच्या पुस्तकात हे हवंच.

'स्लॉपी' काढून टाका. तो टॉलरन्स थेट ९९९९ करतो, मग एखाद्या ओळीत कितीही मोठी भोकं टेकला चालतात. त्याऐवजी 'इमर्जन्सीस्ट्रेच' २ एम द्या (एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढी रुंदी). तिसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीला थोडा जादा ताण आहे असं धरून हिशोब होतो, म्हणून मोकळीक साऱ्या परिच्छेदात वाटली जाते. उरलेल्या जागा दिसाव्यात म्हणून 'ओव्हरफुलरूल' ५ पॉइंट करा. बाहेर गेलेल्या ओळीपुढे काळा ठोकळा उभा राहतो. 'ड्राफ्ट' पर्यायानेही तो येतो, पण त्याने चित्रांच्या जागीही रिकाम्या चौकटी येतात.

एक मराठीतलंही. मधे आडवी रेघ असलेला जोडशब्द, उदाहरणार्थ 'देवस्थान-कोमुनिदाद', टेक फक्त त्या रेघेपाशीच तोडतो, बाकी कुठे नाही. आणि 'सर्व्हे क्र. ४५/२' मध्ये 'क्र.' ओळीच्या शेवटी एकटा राहू नये म्हणून मधे साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा, म्हणजे तिल्देचं चिन्ह, टाका.

---

जांभादगड

ओळींच्या अंतरासाठी एक सोपा मार्ग: 'झीटेकयूजग्लिफमेट्रिक्स' शून्य करा. मग झीटेक प्रत्येक अक्षराची खरी उंची-खोली बघत नाही, सगळ्या फॉन्टला एकच उंची आणि एकच खोली धरतो. सगळ्या ओळी सारख्या होतात.

---

शिरोरेषा

जांभादगड, सारख्या होतात हे खरं. पण धरली जाते ती फॉन्टमध्ये नोंदलेली कमाल उंची आणि खोली. देवनागरी फॉन्टमध्ये त्यांची बेरीज पुष्कळदा बेसलाइनस्किपहून जास्त भरते. मग प्रत्येकच ओळीला लाइनस्किप लागतो. अंतर सारखं, पण ते ठरवलं फॉन्टने, तुम्ही नव्हे. तुम्ही १७ लिहिलेत आणि पानावर १९ पडले तर ४८८ पॉइंटांत २९ ओळी मावणार नाहीत. शिवाय पोर्तुगीज उताऱ्याच्या फॉन्टची नोंद वेगळी, म्हणून तिथे अंतर पुन्हा वेगळं. एका फॉन्टच्या चार पानी पत्रकाला चालेल, या पुस्तकाला नको.

---

खाजनकाठ

दोघांचेही आभार. लाइनस्प्रेड १.२५, टॉपस्किप १२, टेक्स्टहाइट ४८८ केलं. लाइनस्किप १० ची युक्ती करून पाहिली, आता २४० पैकी तीनच ठिकाणी दरी दिसते, आणि तिन्हीकडे 'ष्ट्र'खाली रफार आहे. पोर्तुगीज भाषा लावल्यावर ओव्हरफुल ६० वरून ९ वर आले, नॉर्मलायझेशननंतर ४.

आणखी एक दिसलं. सूचीत 'कुळकऱ्यांचे' आणि 'कुळकर्‍यांचे' या दोन वेगळ्या नोंदी पडल्यात. दिसायला दोन्ही अगदी एक.

आणि चौथी अडचण अजून तशीच आहे.

---

मांडवीपार

सूचीचं: अर्ध्या 'र'ची आडवी पापणी टंकायच्या दोन तऱ्हा आहेत. एक 'ऱ' आणि हलन्त. दुसरी साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पानावर आकृती एकच, पण संकेत वेगळे, म्हणून सूचीला ते दोन शब्द. मजकूर दोघांनी वेगवेगळ्या कळपाटांवर टंकलेला असला की असं होतंच. सगळ्या फाइलींत शोधून दुसरी तऱ्हा पहिलीत बदला. युनिकोडची मराठीसाठीची शिफारसही 'ऱ'चीच आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि 'जे'ची कळ दाबली की 'ऱ', मग 'डी'च्या कळीवर हलन्त. नॉर्मलायझेशनने हे आपोआप होत नाही, हाताने शोध-बदल करावाच लागतो.

त्याच वेळी फॉन्टच्या जाहीरनाम्यात 'स्क्रिप्ट' देवनागरीबरोबर 'लँग्वेज' मराठी लिहिलंय ना ते पाहा. शोभिकातली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावरून घेतलेली, त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचेच मिळतात. पण पुढे मथळ्यांसाठी दुसरा फॉन्ट घेतलात तर हिंदी वळणाचा ल शिरू शकतो. 'ओटीएफइन्फो' हा छोटा प्रोग्राम 'उणे एस' देऊन चालवला की फॉन्टमध्ये मराठीची वेगळी नोंद आहे की नाही ते दिसतं.

---

फर्मा_सोळा

चौथीवर लिहितो. टेबल विसरा. टेबलातला एक कप्पा पानाच्या शेवटी तुटत नाही, लाँगटेबलमध्येही नाही. ते टेबलाच्या दोन आडव्या रांगांच्या मधे तुटतं, कप्प्याच्या आत नाही.

एकाच पानावर दोन रकाने हवे असतील तर 'पॅराकॉल' हे पॅकेज. दोन रकाने स्वतंत्रपणे पुढच्या पानावर वाहत जातात. 'स्विचकॉलम' म्हटलं की दुसऱ्या रकान्यात, आणि त्यापुढे तारा लावला की दोन्ही रकाने पुन्हा एका पातळीवर येतात. प्रत्येक कलमाच्या सुरुवातीला तारा लावायचा.

पण आधी रुंदीचा हिशोब करा. १४० मधून २० आणि १६ गेले, उरले १०४ मिलिमीटर. मधली जागा ६ धरली तर रकाना ४९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १३९ पॉइंट. ११ पॉइंटच्या देवनागरीत ओळीला तीन-चार शब्द. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या तर एवढ्या अरुंद रकान्यात कुठलाही उपाय पुरत नाही, भोकं पडणारच. उजवी कड मोकळी सोडावी लागेल, तीही 'रॅग्डटूई' पॅकेजच्या 'रॅग्डराइट'ने, ज्यात आर आणि दुसरा आर कॅपिटल आहेत. लाटेकचा साधा 'रॅग्डराइट' शब्द जवळपास तोडतच नाही, म्हणून कड फार दातेरी होते.

डेमीला माझा सल्ला: रकाने नकोत. डाव्या पानावर पोर्तुगीज, समोर उजव्या पानावर मराठी. संहितेची कलमं लांब आहेत, वाचणाराही एक पान वाचून समोर बघतो. यासाठी 'रेलेडपार' पॅकेज. 'पेजेस' एन्व्हायर्नमेंटच्या आत 'लेफ्टसाइड' आणि 'राइटसाइड'. प्रत्येकात 'बिगिननंबरिंग' ते 'एंडनंबरिंग', आणि त्याच्या आत प्रत्येक कलम 'पीस्टार्ट' आणि 'पीएंड'च्या मधे. शेवटी 'पेजेस' ही आज्ञा, पी कॅपिटल. तिच्याशिवाय काहीच छापलं जात नाही, आणि नव्या माणसाचा अर्धा दिवस इथेच जातो.

दोन्ही बाजूंच्या पीस्टार्टची संख्या तंतोतंत सारखी हवी. डावीकडे २३ आणि उजवीकडे २२ झाल्या की जोड्या घसरतात आणि कलम १२ च्या समोर कलम १३ येतं. भाषांतरात दोन पोटकलमं एकत्र केली असतील तर रिकामा पीस्टार्ट टाकण्यापेक्षा मराठीतही ती वेगळी करा, वाचकालाही तेच सोयीचं. ओळींचे क्रमांक नको असतील तर 'नंबरलाइनफॉल्स'. आणि फाइल किमान तीनदा चालवा. पहिल्या फेरीत तो ओळी मोजतो, जुळणी नंतर. एकदाच चालवून पानं विस्कटलेली दिसली म्हणून कोड बदलत बसू नका.

डावी बाजू सम पानावरच येते, म्हणून प्रकरण ५ चं शीर्षकाचं पान विषम पानावर ठेवा आणि मजकूर पाठच्या सम पानापासून सुरू करा. नाहीतर मधे एक कोरं पान येतं.

---

खाजनकाठ

समोरासमोरची पानं पटली. तीनदा चालवल्यावर जोड्या बसल्या. छापखान्यात द्यायच्या पीडीएफमध्ये आणखी काय पाहू?

---

फर्मा_सोळा

डेमीचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडायचा पानांचा संच, १६ पानांचा. २४० म्हणजे बरोबर १५ फर्मे. प्रकरण ५ मुळे पानं २४२ झाली तर सोळावा फर्मा फक्त दोन पानांसाठी लागेल. एक तर लूजनेसने दोन पानं वाचवा, नाहीतर छापखान्याला विचारून चार किंवा आठ पानांचा तुकडा जोडायचं ठरवा. अर्पणपत्रिका, श्रेयनामावली, कोरी पानं सगळी या मोजणीत धरा.

पीडीएफचा आकार १४० बाय २१६ च ठेवा आणि कापणीच्या खुणा हव्यात का ते त्यांना विचारा. हव्या असतील तर 'क्रॉप' पॅकेज 'कॅम' पर्यायासह ए-फोर कागदाच्या मधोमध. पानाच्या कडेपर्यंत जाणारा नकाशा असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढा.

मग 'पीडीएफफॉन्ट्स' चालवून एम्बेडच्या रकान्यात प्रत्येक फॉन्टपुढे 'येस' आहे का पाहा. झीटेकने लावलेले फॉन्ट आत जातातच. राहतात ते बाहेरून आणलेल्या चित्रांतले, म्हणजे नकाशावरची गावांची नावं. तसं असेल तर नकाशातली अक्षरं आकृतीत बदलून पुन्हा आणा.

पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव देत असाल तर 'फॅन्सीएचडीआर' (पानाचा माथा छापणारं पॅकेज) लॉगमध्ये 'हेडहाइट' अपुरी असल्याचं सांगेल आणि किती हवी तो आकडाही देईल. तो आकडा जॉमेट्रीत लिहा. न लिहिल्यास माथा खाली सरकून मजकुरालाही ढकलतो, आणि ४८८ चा सगळा हिशोब बिघडतो.

सगळं झाल्यावर कुठलीही चार पानं दोन्ही बाजूंनी छापून घ्या, प्रकरण ५ मधली दोन आणि तळटिपा असलेली दोन. कागद खिडकीपाशी उजेडावर धरा. तळटिपा ९ पॉइंटांच्या, त्यांचं अंतर ११ गुणिले १.२५ म्हणजे १३.७५, म्हणून त्या मागच्या ओळींवर बसणार नाहीत, त्याकडे दुर्लक्ष करा. वरच्या मजकुराच्या ओळी मात्र मागच्या ओळींवर यायला हव्यात. जिथे येत नाहीत तिथे वर एखादा मथळा किंवा उतारा १७ च्या पटीतून सुटलाय, तो शोधा.